डिस्चार्ज मिळाल्यानंतरचा इलाज

लिव्हर सिऱ्हॉसिस म्हणजे लिव्हरवर व्रण पडून ते कडक होत जाणं. त्याच्या पेशंटला घरी सोडतात तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड, औषधांची पिशवी आणि पुढची तारीख मिळते. कार्डाच्या अगदी शेवटी दोन ओळी असतात. मीठ कमी, रोज वजन बघणे, दोन ते तीन वेळा शौचास होईल असे सिरप घेणे, त्रास वाढल्यास लगेच दाखवणे. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात मला कळत गेलं ते हे, की या आजाराचा अर्धाअधिक इलाज त्या दोन ओळींत आहे आणि तो करायचा आहे घरच्यांनी. वॉर्डात रक्तस्राव थांबवतात, पोटातलं पाणी काढतात, इन्फेक्शन आटोक्यात आणतात. पण एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतच्या मधल्या दिवसांत पेशंटला कोण सांभाळणार, याची व्यवस्था आपल्याकडे कुणी केलेलीच नाही. हे मधले दिवस मी पाहिलेत, म्हणून लिहिते आहे.

आम्ही बार्शीचे. सासूबाईंना मी आईच म्हणते. वय साठीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी. शुगर वीसेक वर्षांची, वजन जास्त, गुडघे दुखणारे. एका संध्याकाळी रक्ताची उलटी झाली. आधी सोलापूर, तिथून पुणे. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या दिसल्या, त्या बांधायला रबरी बँड टाकले आणि सिऱ्हॉसिस असल्याचं सांगितलं. कारण फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी. इतकी वर्षं शुगर तपासत होतो, पण लिव्हरकडे कुणी बघितलं नव्हतं. केंद्र सरकारने 2021 मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह-बीपीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, पण आमच्या आईंपर्यंत ते काही वेळेत पोचलं नाही.

भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "पण त्या तर माळकरी ना?" लिव्हर म्हणजे दारू, हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की आईंनी काही दिवस कुणाला आजाराचं नावच सांगू दिलं नाही. "पोटाचा त्रास आहे म्हण," असं मला बजावायच्या. वॉर्डात शेजारच्या बेडवर एक तरुण होता, त्याचा आजार खरोखर दारूचा. त्याच्या बायकोला येणारा-जाणारा दोन शब्द सुनावून जायचा. ती मला म्हणाली, "ताई, ह्यांनी सोडलीय आता, पण तपासणीला यायचं म्हटलं की ह्यांना लाज वाटते." लाजेपायी तारीख चुकवणारे असे किती असतील. आजार कशाने झाला यावरून माणसाची लायकी ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे मला आजही समजत नाही.

घरी आल्यावर पहिली गाठ पडली मिठाशी. दिवसाला जास्तीत जास्त 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात सगळं धरायचं. आमच्या सोलापुरी जेवणात शेंगाचटणी, ठेचा, लोणचं, पापड रोज पानात. ते बंद केलं तर आईंचं जेवणच अर्ध्यावर आलं. आणि जेवण कमी होणं या आजारात मिठापेक्षा कमी घातक नाही. मग मी भाजी बिनमिठाची करून सकाळीच त्यांच्या वाटणीचं मीठ एका छोट्या डबीत मोजून ठेवायला लागले. त्यांनी ते आपल्या हाताने हवं तिथे घ्यायचं. लिंबू, जिरेपूड, कोथिंबीर, आमसूल यांवर भागवायचं. डबी त्यांच्या ताब्यात आल्यावर रोजची कटकट थांबली. नातेवाइकांनी सुचवलेलं सैंधव इथे उपयोगाचं नाही, त्यातही सोडियमच असतं. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर आणखी धोक्याचं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि आईंना सुरू असलेली स्पायरोनोलॅक्टोनची (साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारी, म्हणजे पाण्याची) गोळी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढवते. हे आम्हाला डॉक्टरांनी नाही, दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, तेही मी पाकीट पुढे धरून विचारलं म्हणून.

प्रथिनांबद्दल तर दोन टोकांचे सल्ले मिळाले. गावातल्या एका दवाखान्यात सांगितलं, डाळ बंद करा, डोक्यात चढेल, गुंगी येईल. पुण्यात सांगितलं, बिलकुल बंद करू नका, वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेलीच पाहिजेत. पूर्वी खरंच बंद करायला सांगायचे, आता ते मागे पडलंय. आईंचं सुजेशिवायचं वजन 58 किलो धरलं तर सत्तर ते सत्त्याऐंशी ग्रॅम प्रथिनं झाली. अंडंही न खाणाऱ्या बाईला ती डाळ, मटकी, दही, पनीर, सोयाबीन यांतून पोचवायची म्हणजे दिवसभर थोडं थोडं करत राहायचं. रात्री झोपताना एक खाणं सक्तीचं. सिऱ्हॉसिसमध्ये लिव्हर साखरेचा साठा नीट करू शकत नाही, त्यामुळे रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं. म्हणून रात्री दहाला दूध आणि सातूचं पीठ. एकादशीचा प्रश्न आलाच. निर्जळी सोडा, पण नुसत्या साबुदाण्यावरही दिवस काढू नका, असं डॉक्टरांनी त्यांना स्वतःला समजावलं. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. आता एकादशीला भगर, दाण्याची आमटी आणि दूध असतं, दर तीन तासांनी.

वजनाचा काटा शहाबादी फरशीवर एका ठरलेल्या जागी असतो. सकाळी शौचाहून आल्यावर, चहाच्या आधी, गाऊनवरच. पाण्याच्या गोळ्या चालू असताना वजन दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये. पायावर सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. त्याहून भराभर उतरलं तर मूत्रपिंडावर ताण येतो, सोडियम घसरतं. आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पोटात पाणी साठतंय. पण काटा सगळं सांगत नाही. मध्ये एकदा वजन कितीतरी दिवस जागच्या जागी होतं आणि आम्ही निश्चिंत होतो. माझ्या लक्षात आलं ते कपड्यांवरून. आईंच्या परकराची नाडी रोज थोडी थोडी लांब सोडावी लागत होती आणि ब्लाऊजच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या होत्या. पोट भरत होतं आणि अंगावरचं मांस झडत होतं, बेरीज तेवढीच. तेव्हापासून मी टेपने बेंबीवरून पोटाचा घेर आणि दंडाचा घेरही लिहिते.

सगळ्यात अवघड मात्र सिरप. लॅक्टुलोज. आतड्यातला अमोनिया बाहेर काढण्यासाठी ते असतं. ते कमी पडलं की मेंदूवर परिणाम होतो, माणूस गुंगीत जातो, बडबडतो. जास्त झालं की जुलाब, पाणी कमी पडणं, आणि त्यानेही तेच होतं. म्हणून दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतपतच डोस रोजच्या रोज कमी-जास्त करायचा. कागदावर सोपं आहे. पण साठी ओलांडलेल्या बाईला रोज "आई, आज कितीदा झालं?" असं विचारणं, तेही घरात मुलगा, नातू असताना, हे दोघींनाही जड जायचं. त्या "झालं गं" म्हणून विषय संपवायच्या. शेवटी बाथरूमच्या दाराआड एक कॅलेंडर आणि पेन्सिल बांधली. त्या रेघ मारतात, मी रेघा बघते, बोलणं काहीच होत नाही.

आणि हे सिरप नेमकं चुकायचं कधी, तर पुण्याला तपासणीला जायच्या दिवशी. एसटीत संडास नाही, वाटेतल्या थांब्यांवरची स्थिती बायकांना वेगळी सांगायला नको. म्हणून आई आदल्या दुपारपासून सिरप घेत नसत, पाण्याची गोळीही टाळत. म्हणजे डॉक्टरांसमोर बसायच्या त्या दिवशी त्या सर्वांत जास्त सुस्त असायच्या. डॉक्टर समजायचे डोस कमी पडतोय, आणि वाढवायचे. तो वाढवलेला डोस घरी आल्यावर नियमाने घेतला की जुलाब. हे चक्र मला उमगायला वेळ लागला, कारण आई मला सांगत नव्हत्या आणि डॉक्टरांना तर नाहीच नाही. कळल्यावर आम्ही एसटी सोडली. रात्रीची लातूर-मुंबई गाडी धरतो, डब्यात संडास असतो, पहाटे पुणे. नणंद चिंचवडला राहते, तिथे आंघोळ-नाश्ता करून मग दवाखाना. ज्यांना रेल्वे नाही, पुण्यात नातेवाईक नाही, त्यांनी काय करावं? ओपीडीच्या रांगेत भेटणाऱ्या बायांशी बोलले तेव्हा कितीजणी हेच करताना सापडल्या. प्रवासाच्या दिवशी औषध कसं घ्यायचं, हे तपासणीची तारीख देतानाच सांगायला हवं.

मेंदूवरचा परिणाम ओळखणं ही वेगळीच गोष्ट. पुस्तकी खूण हात थरथरणं : दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवले की ते पंखासारखे फडफडतात. पण ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आई रोज सकाळी वहीचं एक पान 'रामकृष्णहरी' लिहून भरतात. एकदा त्या गुंगीत गेल्यावर मी सहज वही उघडली, तर आदल्या दोन पानांवर सगळं दिसत होतं. पहिल्या पानावर अक्षरं ओळ सोडून खाली उतरत गेलेली. दुसऱ्यावर 'ष्ण' हे जोडाक्षर त्यांना जमलेलंच नव्हतं, कुठे 'ष' राहिला होता, कुठे नुसतीच गिरगोट, शिरोरेघ मधेच तुटलेली. तेव्हा घरात कुणाला काही वेगळं जाणवलं नव्हतं, फक्त त्या दिवसा झोपायच्या आणि रात्री जागायच्या. पुढच्या तपासणीला ती वहीच घेऊन गेले. डॉक्टरांनी पानं बराच वेळ उलटून बघितली आणि म्हणाले, रोज एकच वाक्य लिहून घ्यायची पद्धत खरोखर वापरतात, हीच चालू ठेवा. जोडीला आणखी एक सांगितलं : एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं म्हणायला लावा. दहाच्या आत अडकल्या तर सावध व्हा. आता माझा मुलगा घड्याळ लावून आजीला विचारतो आणि आई गाय, म्हैस, शेळीपासून सुरू करून बऱ्याचदा पंधराच्या पुढे जातात. अक्षर बिघडलं, नावं अडली की मी आधी शौच झालं का बघते, मग ताप, मग काळं शौच, मग उलटी-जुलाब. यांतलं काही असेल तर फोन, नाहीतर सिरप एक माप जादा.

या सगळ्यात एक रात्र वाईट गेली. आई अचानक उठून दार उघडायला लागल्या, कुणाला ओळखेनात, धरलं की ओरडायच्या. जवळच्या दवाखान्यात नेलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पेशंट अस्वस्थ आहे एवढं बघून झोपेचं इंजेक्शन दिलं. सिऱ्हॉसिसमध्ये ते औषध शरीरातून लवकर उतरत नाही आणि गुंगी आणखी खोल जाते. दुसरा दिवस सगळा त्यांना शुद्धीवर आणण्यात गेला. गुडघ्यासाठीही एकदा डायक्लोफेनॅक लिहून दिलं गेलं होतं. वेदनेच्या त्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंड बिघडवतात, रक्तस्राव घडवतात. प्रत्येक डॉक्टर आपापल्या अवयवापुरतं बघतो, आणि जुनी फाइल वाचायला रात्री दोन वाजता कुणाला वेळ नसतो. म्हणून आता फाइलच्या वरच लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय : लिव्हर सिऱ्हॉसिस. झोपेचं औषध नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत. पोटात पाणी असल्यास दाखल होताच ते तपासणीला पाठवावे. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन झालं तर कधी कधी ना ताप येतो ना पोट दुखतं. पाण्यातल्या पांढऱ्या पेशींपैकी एका ठरावीक जातीच्या पेशी घन मिलिमीटरला 250 वर गेल्या की इलाज लगेच सुरू करावा लागतो.

झाडपाल्याचं वेगळं सांगायला हवं. आमच्या भागात काविळीला नाकात रस सोडणारे, माळ घालणारे आजही आहेत आणि प्रेमाने घेऊन जाणारे नातेवाईकही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी चालू होता, आमच्याकडेही आला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्या वादात मी पडत नाही. पण ज्याच्या लिव्हरला काठावरचं काम उरलंय त्याच्यावर कुठलाही प्रयोग नको, एवढं मी मामेसासऱ्यांना हात जोडून सांगितलं. ते थोडे नाराज झाले, पुढे निवळले.

पुण्याच्या ओपीडीत नंबर लागायला अर्धा दिवस जातो आणि समोर पाच मिनिटं मिळतात. बहुतेक वेळा नवे निवासी डॉक्टर असतात. सुरुवातीला त्या पाच मिनिटांतली चार तर रिपोर्ट शोधण्यातच जायची. आता एकच आडवा कागद असतो : तारखेनुसार रक्ततपासणीचे लिव्हर, मूत्रपिंड आणि क्षारांचे आकडे, म्हणजे बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, अल्ब्युमिन, शेजारी वजन, बीपी, नाडी. रक्त नेहमी एकाच लॅबमध्ये द्यायचं, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. शिरांवरचा दाब कमी ठेवणारी कार्व्हेडिलॉलची गोळी असल्यामुळे नाडी-बीपीवर लक्ष ठेवावं लागतं, आणि वरचं बीपी 90 च्या खाली गेलं तर गोळी थांबवून फोन करायचा. तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा आईंचा छान येतो, पण रक्त कमी आणि प्लीहा वाढलेली असल्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही, बोटातून शुगर बघावीच लागते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी, कारण सिऱ्हॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सर होऊ शकतो आणि लहान असताना सापडला तर काही करता येतं. पेशंट बरा दिसत असतो तेव्हा हीच तपासणी राहून जाते. शिरांचे बँडही दोन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा टाकावे लागतात, शिरा पुरत्या बसेपर्यंत. रक्त थांबलं की लोक समजतात झालं, आणि दुसऱ्यांदा रक्त येतं तेव्हाच परत दिसतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचा आधार पेशंट दाखल असताना मिळतो. मेंदूवरचा परिणाम टाळायची महिन्याची रिफॅक्सिमिन गोळी, सिरप, रक्ततपासण्या, प्रवास हे घरचंच. पोटातलं पाणी पाच लिटरच्या वर काढलं तर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) शिरेतून द्यावं लागतं, आणि एका बाटलीला काही हजार लागतात. दाखल होऊ नये म्हणून जी औषधं आहेत ती आपल्या खर्चाने आणि दाखल झाल्यावरची योजनेतून. ही उलटी रचना बदलली पाहिजे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, हे तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारावं. आम्ही विचारलं तेव्हाच कळलं.

प्रत्यारोपणाचा विषय डॉक्टरांनी शांतपणे काढला. मेल्ड नावाचा एक गुणांक असतो, बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन यांवरून काढतात, हल्ली सोडियमही धरतात. तो 6 ते 40 असतो, जितका जास्त तितका आजार गंभीर. पंधराच्या वर गेला की विचार सुरू करतात, आणि पोटात पाणी, रक्तस्राव झालेला असेल तर त्याआधीही चौकशी करून ठेवलेली बरी. खासगीत खर्च वीस लाखांच्या पुढे. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवता येतं, राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर असे चार विभाग आहेत. फोन आला तर काही तासांत पोचायचं असतं, म्हणजे बार्शीत राहून चालणार नाही.

घरातला दाता बघायचा झाला तर माझा नवरा पहिला पुढे झाला. त्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. दात्याचं लिव्हर चरबीचं असून चालत नाही. आईचं ज्या वाटेने गेलं त्याच वाटेवर मुलगा, हे त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला कागदावर दिसलं. मी म्हटलं, माझं बघा, रक्तगट जुळतो. तेव्हा कळलं की 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आणि 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं. सून त्यात नाही. सुनेने द्यायचं तर तिला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जाऊन आपुलकीने देते आहे हे पटवून द्यावं लागतं. कायद्यामागचं कारण मला मान्य आहे, सुनांवर दबाव आणला जाऊ शकतो आणि लिव्हर देणाऱ्यांत आपल्याकडे बायकाच जास्त असतात. तरी रोज त्यांच्या रेघा मोजणारी मी कायद्याच्या लेखी दूरची, हे लागलं.

नणंद तयार आहे. तिच्या सासरचे अजून गप्प आहेत, दोन लहान मुलं आहेत, त्यांची भीती खोटी नाही. आईंचं स्वतःचं म्हणणं वेगळंच. "पोरीच्या पोटावर सुरी नको. मला नीट सांगा, असंच चालवलं तर किती चालेल." हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांनाच विचारला, आमच्यासमोर. डॉक्टरांनी टाळलं नाही. गुणांक अजून पंधराच्या आत आहे, पाणी गोळ्यांवर आटोक्यात आहे, शिरा बसत आल्यात, म्हणजे वेळ आहे, पण बेफिकीर राहण्याइतका नाही, असं म्हणाले. ताप, रक्त किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला तर चित्र आठवड्यात बदलू शकतं, हेही सांगितलं.

सध्या असं ठरलंय : नवऱ्याने वजन उतरवून पुन्हा तपासणी करायची, तो रोज पहाटे चालतो. नणंदेचं सीटी स्कॅन तिच्या घरच्यांशी डॉक्टर स्वतः बोलल्यानंतर. बार्शीतल्या आमच्या फिजिशियनांनी पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून महिन्याची तपासणी इथेच करायचं मान्य केलंय, म्हणजे पुणे तीन महिन्यांनी. दिवाळीनंतर एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी एकाच फेरीत. आईंनी गाडीचं तिकीट खालच्या बर्थचं काढायला सांगितलंय, संडासाजवळच्या बाजूचं.